बल्बची रेष वाकडीच राहील, कुसुम

कुसुम, शोकसभेत तुला सोशिक म्हटलं गेलं. शांत म्हटलं गेलं. मनमिळाऊ तर जो उठला तो म्हणाला. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. प्राचार्य म्हणून शेवटचं बोलणं माझं होतं, आणि मीही ‘कर्तव्यदक्ष सहकारी’ असं काहीतरी पुटपुटून खाली बसले. तू असतीस तर मागच्या बाकावरून मुद्दाम खाकरली असतीस.

म्हणून हे लिहिते आहे. तू सोशिक नव्हतीस. तू भांडखोर होतीस. बाजारात वांग्यांवरून भांडायचीस, एसटीत कंडक्टरशी उभ्यानं भांडायचीस, आणि माझ्याशी तर डब्याचं झाकण उघडल्यापासून ते परत लागेपर्यंत. शांत तू शाळेत एकदाच झालीस. ती शांतता तुझा स्वभाव नव्हता, माझी करणी होती. हे आता मला झाकून ठेवायचं नाही. तुझ्या नवऱ्याला सांगून झालं आहे. संस्थेच्या लोकांनाही सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, जाऊ द्या, आता काय उपयोग. उपयोगासाठी सांगत नाही म्हटलं.

आपण दोघी एकाच पावसाळ्यात या शाळेत लागलो. वडशाहून एसटी जिथे वळते आणि पुढे नुसतं जंगल लागतं, तिथलं हे गाव. मी ब्रह्मपुरीची, गणिताची. तू आरमोरीकडची, धानवाल्यांच्या घरची, भौतिकशास्त्र घेतलेली. एक खोली, दोन खाटा आणि तुझ्या आईनं दिलेली ती विजेची शेगडी. दिवाळीत दारापुढे रांगोळी काढताना मी ठिपके सरळ यावेत म्हणून फूटपट्टी घेऊन बसले, तेव्हापासून तू मला फूटपट्टी म्हणायला लागलीस. स्टाफरूममध्ये, मुलांसमोर, माझ्या लग्नात माझ्या सासूसमोरसुद्धा.

त्या शेगडीवरून झालेलं आपलं पहिलं भांडण मला काल रात्रभर आठवत होतं. संध्याकाळ झाली, गावातले पंप आणि दिवे एकदम सुरू झाले, की आपल्याकडचं व्होल्टेज बसायचं. भात शिजता शिजत नसे. तू एक दिवस शाळेतला व्होल्टमीटर पदराखाली लपवून घरी आणलास. काटा एकशेसाठवर. मी लगेच तोंडी हिशोब केला: दोनशेतीसचे एकशेसाठ झाले, म्हणजे साधारण तीस टक्के गेले, तर आचही तीस टक्के कमी. भाताला थोडा उशीर होईल, इतकंच.

तू हातातला चमचा खाली ठेवलास. "अवं फूटपट्टे, व्होल्टेज पडलं त करंट काय तुह्या बापाच्या घरून पुरा येते? कॉईल तेच हाय, तिचा रोध तोच हाय. ढकलणारं कमी झालं की वाहणारंही कमी होते. अन् वॅट म्हणजे दोघाईचा गुणाकार. कर आता."

मी खडूनं फरशीवर केला. हजार वॅटची शेगडी, भागिले दोनशेतीस, म्हणजे सव्वाचारच्या जरा वर अँपिअर. दोनशेतीसला त्यानं भागलं की रोध त्रेपन्न ओहम. आता एकशेसाठ भागिले त्रेपन्न, तीन अँपिअर. एकशेसाठ गुणिले तीन, चारशेऐंशी वॅट. हजारातले निम्मेही उरले नव्हते. आपण तो भात तसाच खाल्ला, दाताखाली कचकच करत, आणि तू प्रत्येक घासाला म्हणत होतीस, तीस टक्के, तीस टक्के.

हे मी इतक्या सविस्तर लिहिते आहे त्याला कारण आहे. पुढे मी तुझ्याशी जे वागले ते करताना माझा हिशोब असाच होता. एकच गोष्ट थोडीशी खाली येईल, बाकी सगळं जागच्या जागी राहील, असं मी धरून चालले होते.

प्रयोगशाळेची गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागेल. आपल्याकडे रोध मोजायचा प्रयोग होता, पण रोध मोजायची तार नव्हती. होती ती केव्हाच जळली होती, आणि तिच्याबरोबरच्या ऱ्हिओस्टॅटची, म्हणजे रोध कमी-जास्त करायच्या उपकरणाची, सरकपट्टी गंजून एका जागी बसली होती. तरी दर वर्षी बारावीची सगळी मुलं हा प्रयोग जर्नलमध्ये लिहायची, आणि सगळ्यांचा रोध दहा ओहम यायचा. रीत ठरलेली होती. आधी खाली उत्तर लिहायचं, मग खालून वर चढत जायचं: एक व्होल्टला पॉइंट एक, दोनला पॉइंट दोन. अगदीच खोटं वाटू नये म्हणून मधे कुठेतरी पॉइंट एकोणतीस. ही ‘मधली चूक’ कुठे टाकायची हेसुद्धा एक वर्ष दुसऱ्या वर्षाला शिकवून जायचं. ग्राफ काढला की रेष अशी सरळ, की मला बघून समाधान वाटायचं. खरंच वाटायचं. मी आज ते नाकारणार नाही.

तुला ते सहन झालं नाही. तू वडशाच्या एका गॅरेजातून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी मागून आणलीस, वर शिशाच्या पट्ट्या उघड्या दिसणारी, तिच्या एकेका खान्यावर वायर लावली की दोन, चार, सहा असे व्होल्ट मिळायचे. आणि आणलास मोटरसायकलचा पुढचा बल्ब, बारा व्होल्ट पस्तीस वॅटचा. दुकानदार म्हणाला, गाडी कोणती मॅडम? तू म्हणालीस, गाडी नाई, बारावी.

मी तुला सांगितलं होतं, अभ्यासक्रमात तार आहे, बल्ब नाही.

"तार कुठी हाय?" तू विचारलंस.

मुलींनी रीडिंग घेतली तेव्हा मी खिडकीशी उभी होते. दोन व्होल्टला एक पूर्णांक एक अँपिअर. चारला एक पूर्णांक सहा. सहाला दोन. बाराला दोन पूर्णांक नऊ. भागाकार केला तर रोध दरवेळी वेगळा: एक पूर्णांक आठ, अडीच, तीन, चार पूर्णांक एक. पोरी घाबरल्या. त्यांना वाटलं आपलं चुकलं. मलाही तेच वाटलं, आणि मी बोलून दाखवलं: बिंदू रेषेवर बसत नसतील तर बिंदू चुकले आहेत.

"बिंदू पाहून आले ना त्या," तू म्हणालीस. "रेष तू घरून आणली."

मग तू मुलींना बारा व्होल्टच्या रीडिंगचा गुणाकार करायला लावलास. बारा गुणिले दोन पूर्णांक नऊ, चौतीस पूर्णांक आठ. बल्बच्या पितळेवर पस्तीस छापलेलं होतं. एकेक मुलगी डोळ्याजवळ नेऊन तो आकडा वाचत होती. आणि पहिल्याच रीडिंगवरून सरळ रेष ओढत गेलो असतो तर? साडेसहा अँपिअर, ऐंशी वॅट. बल्ब उडाला असता, तू म्हणालीस. थंड तारेवरून तापलेल्या तारेचा अंदाज बांधायचा नाही. ती तापते, तिचा रोध वाढतो, तुम्ही जास्त ढकलता आणि ती पहिल्याइतकं जाऊ देत नाही.

ग्राफ वर जाता जाता पुढे झुकला होता. मी म्हटलं, किती बेढब दिसतो आहे. त्यावर तू जे बोललीस ते मी शोकसभेत सांगायला हवं होतं. तू म्हणालीस, "भरलेली लोंबी सरळ उभी राहते काय वं? वाकते. सरळ राहते ते पोचट."

हा वाद आपला संपला नाही. मी म्हणत राहिले की नियम शिकवायचा असेल तर नियम पाळणारी वस्तू घ्यावी. तू म्हणत राहिलीस की नियम कुठे लागू होतो हे कळायला न पाळणारी वस्तूही हातात घ्यावी लागते. अजूनही मला वाटतं, तुझ्या बोलण्यात एक उणीव होती: सरळ रेष तू मुलांना दाखवलीच नाहीस. दाखवायला तार नव्हती, ही तुझी सबब. बघ, तू गेलीस म्हणून मी हार मानलेली नाही.

आता ते.

त्या वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेची जबाबदारी माझ्याकडे होती. सकाळी बॅटरी उतरलेली निघाली आणि तू ती चार्ज करायला बाजारात घेऊन गेलीस. बाहेरचे परीक्षक लवकर आले. त्यांना पुढे दुसऱ्या शाळेत जायचं होतं. मी घाबरले. मी मुलांना म्हटलं, जुन्या जर्नलमधली रीडिंग लिहा, दहा ओहम. सगळ्यांनी लिहिली. जैनीनं लिहिली नाही. आठवते ना, मागच्या जंगलगावातून चालत यायची ती, बोलायची कमी. तिनं आदल्या आठवड्यात तुझ्यासमोर घेतलेली रीडिंग लिहिली, आणि खाली चार वेगवेगळे रोध.

परीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. एका वस्तूचे चार रोध कसे असतील, म्हणाले. मग विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

मला खरं उत्तर माहीत होतं. तुझं नाव घ्यायचं आणि बल्ब तापतो एवढं सांगायचं. दोन वाक्यं. त्याऐवजी मी म्हटलं, "त्या मॅडमची तब्येत बरी नसते. वर्गाकडे लक्ष राहत नाही त्यांचं."

तेवढ्यात तू दारात आलीस. दोन्ही हातांत बॅटरी, साडीवर ॲसिडचा डाग, धापा टाकत. परीक्षकांनी तुझ्याकडे पाहिलं आणि त्यांना माझं म्हणणं पटलं. कोणीही म्हणालं असतं, हिची तब्येत बरी नाही.

बोलणं संस्थेपर्यंत गेलं. जैनीला जेमतेम पास केलं. पुढच्या वर्षी तुझ्याकडून अकरावी-बारावी काढली आणि तुला पाचवी-सहावीचं सामान्य विज्ञान दिलं, ‘झेपेल असं’. बल्ब, वायरी, मीटर, सगळं कपाटात गेलं आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. मी तीस टक्के धरले होते. पण तुझा वर्ग गेला, वर्गाबरोबर तुझं बोलणं गेलं, स्टाफरूममध्ये तुझ्या शब्दाला असलेलं वजन गेलं. एक खाली आलं की दुसरं आपोआप खाली येतं, आणि उरतो तो गुणाकार. तू मला हे फरशीवर शिकवलं होतंस.

आणि आपण दोघी रोज एकाच बाकावर डबा खात राहिलो. मी तुझ्या पोरीच्या बारशाला आले, तू माझ्या सासूच्या आजारपणात रात्री जागलीस. तू कधी विचारलं नाहीस. मी स्वतःला समजावलं की तुला माहीत नाही. माणूस स्वतःला काय काय समजावतो.

मागच्या महिन्यात तुला चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी आले होते. संत्री सोलत होते. कशी आहे तब्येत, हे मी विचारणारच होते. त्याआधी तू डोळे न उघडता म्हणालीस, "माही तब्येत बरी नसते हे तुले त आधीपासूनच माहीत हाय."

आणि हसलीस. रागानं नाही. टोमणा मारून झाल्यावर हसायचीस तसं, एका बाजूनं.

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. माझ्या हातातली फोड तशीच राहिली. तुझी मुलगी चहा घेऊन आली आणि वेळ गेली. त्यानंतर तू मला भेटली नाहीस, म्हणजे भेटलीस, पण बोलण्यासारखी नव्हतीस.

लोक म्हणतात, तिनं तुम्हाला माफ केलं असेल हो. त्यांनी ते आपल्याजवळ ठेवावं. मला तुझी माफी नको आहे, कुसुम. माफ केलंस तर हिशोब मिटल्यासारखा होईल आणि मी पुन्हा गप्प बसेन. मला ओळखतेस तू. तू मला टोमणा दिलास. तो मी जपून ठेवणार आहे.

वैनगंगेवर तुला नेलं तेव्हा जैनी आली होती. आता ती एटापल्लीकडे नर्स आहे, बोलते पहिल्यासारखीच कमी. सगळे पांगायला लागले तेव्हा माझ्याजवळ आली. मला वाटलं रडेल, किंवा ते जुनं काढेल. तिनं विचारलं, "मॅडम, तो बल्ब हाय काय अजून?"

मी म्हटलं, असेल, कपाटात.

"मंग काऊन कपाटात हाय?" एवढं म्हणून ती बसस्टॉपकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. बल्ब होता. मीटर होते. बॅटरी अर्थातच गेलेली, आणि आता तशी वरून उघडी बॅटरी कोणत्याच गॅरेजात मिळत नाही, सगळ्या बंद डब्याच्या. आणली तीही तशीच, एकदम बारा व्होल्ट, मधलं काही नाही. मी, गणिताची बाई, दोन दिवस त्याच्यापुढे डोकं धरून बसले. बल्बला कमी व्होल्ट द्यायचे तर वाटेत दुसरा रोध हवा, थोडा थोडा कमी-जास्त करता येणारा. मग मी तुझ्या घरी गेले आणि तुझ्या नवऱ्याकडे ती शेगडी मागितली. माळ्यावर होती. तिची कॉईल काढून पाटीवर खिळ्यांना ताणून बसवली. वायरीचा चिमटा कॉईलवर पुढे सरकवला की बल्ब मंद, मागे आणला की लख्ख. त्रेपन्न ओहम, पाठच आहेत मला. बल्ब अगदी मिणमिणता ठेवायला कॉईलचा पाचवा हिस्सा पुरतो. हे मी तुझ्या पद्धतीनं काढलं, भागाकार करून, आणि मग मीटर लावून पाहिलं. जुळलं. सांगायला तू नव्हतीस, म्हणून शिपाईकाकांना सांगितलं. ते म्हणाले, चांगलं झालं मॅडम, पण आता शाळा बंद करू का.

संस्थेनं सुचवलं होतं की प्रयोगशाळेत तुझा फोटो लावू, हार घालू. मी म्हटलं, फोटो लावायचा तर पाचवीच्या वर्गात लावा, तिथे तुम्ही तिला बसवलं होतं. प्रयोगशाळेत टेबल हवं आहे. फोटोचं बोलणं तिथेच थांबलं. टेबल मिळालं.

बारावीच्या मुलांना मी आधीच सगळं सांगितलं. बल्ब लावाल तर रेष वाकेल, मार्क जाऊ शकतात, मागे एकीचे गेले होते आणि ते माझ्यामुळे गेले. ज्यांना नको त्यांनी कॉईलचाच तुकडा मोजा, तो सरळ येतो. एका मुलीनं विचारलं, दोन्ही काढले तर चालतील का, एकाच कागदावर? बहुतेकांनी तसंच केलं. बल्बच्या जागी कॉईलचा तुकडा लावला, त्याची रीडिंग घेतली. एक रेष सरळ गेली, एक झुकली. आपला वाद त्या पोरांनी एका ग्राफवर मांडून ठेवला, आणि दोघींपैकी कोणीही त्यात हरली नाही. तुला हे आवडलं नसतं. तुला जिंकायचं असायचं.

काल परीक्षा झाली. आलेले परीक्षक तरुण होते, इस्त्रीचा शर्ट, वेळेचे पक्के. पहिलाच कागद हातात घेऊन थबकले.

"मॅडम, ही रेष वाकडी आहे."

"ती बल्बची आहे," मी म्हटलं. "सरळ आहे ती कॉईलची."

नियम सरळ रेषेचा आहे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, नियमाच्या आधी पुस्तकात अर्धं वाक्य आहे, तापमान बदललं नाही तर. ते अर्धं वाक्य आम्ही वर्षानुवर्षं गाळून शिकवतो. बल्ब तापतो. हात लावून बघा. त्यांनी खरंच बोट नेलं आणि चटकन मागे घेतलं. पोरं हसली.

ते कागद उलटत राहिले. गुणाकार पाहिला, बल्बवरचा आकडा पाहिला. किती मार्क दिले ते मला माहीत नाही, ते बंद पाकिटात गेले. शेरा काहीतरी बराच मोठा लिहिला. चांगला असेल, वाईट असेल. वाईट असला तर मी वर जाईन, त्याच्याही वर जाईन. माझी नोकरी आता फारशी उरलेली नाही, आणि मला गप्प बसवायला कोणाकडे तेवढं व्होल्टेज नाही.

सही करता करता त्यांनी विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

तोच प्रश्न, कुसुम. तेच टेबल नाही, पण तीच खिडकी. बाहेर उन्हात पळस फुलायला लागला होता आणि मला क्षणभर वाटलं, आत्ता तू दारातून बॅटरी घेऊन येशील.

मी तुझं पूर्ण नाव सांगितलं. माहेरचं, सासरचं, दोन्ही. त्यांनी ते शेऱ्याखाली लिहून घेतलं आणि विचारलं, आहेत का त्या, भेटता येईल का.

"वारल्या," मी म्हटलं. "तब्येत ठणठणीत होती त्यांची. वर्गाकडे पूर्ण लक्ष असायचं."

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मी बघू दिलं.